बैठकीत कोटा दगडाची फरशी टाकू की टाइल? घर काळ्या मातीवर आहे

पांढरं_सोनं
राम राम मंडळी. गाव राळेगाव तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. आमच्या घराच्या मातीच्या भिंती काढून विटांच्या केल्या, वर टिनं टाकली, पण बैठकीचा कोबा जुनाच राहिला. आता तो मधोमध खचला आहे. दारापासून देव्हाऱ्याच्या भिंतीपर्यंत भेग गेली आहे. उन्हाळ्यात तिच्यात बोट जातं, पावसाळ्यात मिटल्यासारखी दिसते.

बैठक १२ बाय १८. कापूस विकून थोडे पैसे हाती आहेत आणि मे महिन्यात लहान भावाचं लग्न आहे. बायकोला पांढरी चकचकीत टाइल पाहिजे. बाबा म्हणतात कोटा टाक, जन्मभर पाहायला नको. मिस्त्री म्हणतो जुना कोबा कशाला फोडता, त्याच्यावरच टाइल चिकटवून देतो, आठवड्यात मोकळे.

आमच्या बैठकीत फक्त माणसं बसत नाहीत, हेही सांगून ठेवतो. रात्री मोटारसायकल आत असते. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत एका कोपऱ्यात पार टिनापर्यंत लागलेला असतो. सोयाबीनची पोती ओढत नेली जातात. उन्हाळ्यात कुलर. आणि पोळ्याला बैलजोडी पूजेला आत येते, बाबा ऐकत नाहीत. आता सांगा.

थापी_ओळंबा
भाऊ, मिस्त्रीचं आयकू नको. मी सोता मिस्त्री हाय म्हून सांगतो.

उन्हाळ्यात भेग उघडते अन् पावसाळ्यात मिटते, म्हंजे तुह्या कोब्याखाली कायी माती तशीच हाय. ते पानी पेली का फुगते, वाळली का आकसते. तिच्यावर टाइल चिकटव का सोन्याचा पत्रा चिकटव, फाटनारच. एका पावसाळ्यात बरोब्बर त्याच भेगीवर टाइलची रांग फुटन, अन् मंग तो मिस्त्री म्हनन कंपनीचा माल खराब होता.

कोबा उकरून टाक. खालची माती दीड फूट तरी काढ. मंग मुरूम. पन मुरूम ट्रॉली उलटी करून एकदम नाई भराचा. सहा इंचाचा थर टाकाचा, पानी माराचं, धुम्मसनं ठोकाचा, मंग दुसरा थर. गावात हेच कोनी करत नाई. वरून पाय देल्ला, दबला वाटलं, का झालं.

पांढरं_सोनं
काका, म्हणजे फरशीच्या आधी हाच खर्च? मी तर फक्त फरशीचा हिशोब धरला होता.

सिव्हिल_अमरावती
काका बरोबर सांगत आहेत, मी थोडे आकडे देतो. १२ बाय १८ म्हणजे २१६ चौरस फूट. दीड फूट भराई धरली तर ३२४ घनफूट, म्हणजे सव्वातीन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ठोकल्यावर मुरूम बसतो, म्हणून चार ब्रास सांगा. त्यावर दगडाचं सोलिंग आणि चार इंच काँक्रीट, एकास चार आठ (सिमेंट, रेती, गिट्टी). किमान सात दिवस त्यावर पाणी पाहिजे. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर बारदाना अंथरून तो सतत ओला ठेवा, नुसतं सकाळ-संध्याकाळ शिंपडून भागणार नाही. खणताना भिंतीच्या पायाला लागून खोल जाऊ नका, पाया किती खाली आहे ते आधी एका कोपऱ्यात पाहून घ्या.

आता खरी गोष्ट. मुरूम टाकला तरी त्याच्याखाली काळी माती राहणारच, ती सगळी कोणी काढू शकत नाही. म्हणून तिचं पाणी बदलू द्यायचं नाही. टिनाच्या पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडतात का? न्हाणीचं पाणी कुठे जातं? कुलरची नळी खिडकीखाली सोडली आहे का? घराभोवती अडीच-तीन फूट रुंद सिमेंटची पट्टी करा, उतार बाहेरच्या बाजूला. भिंतीला चिकटून कडुनिंब असेल तर तोही उन्हाळ्यात खालचा ओलावा ओढतो आणि तेवढीच बाजू खचते. फरशी कोणतीही घ्या, हे केलं नाही तर पाच वर्षांनी पुन्हा इथेच प्रश्न विचारायला याल.

पांढरं_सोनं
कुलरची नळी खिडकीखालीच आहे. आणि भेग बरोबर त्याच भिंतीकडे जाते. 🙏

थापी_ओळंबा
पाय बरं.

मूळचा_वणीचा
मी पुण्याला असतो, इथे सगळे लाकडी लॅमिनेट टाकतात. दिसायला फार छान, पायाला गार लागत नाही, दोन दिवसांत बसवून होतं. त्याचा विचार केला का?

खारपाणपट्टा
दादा, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पायाला गार न लागणारी फरशी घेऊन माणूस झोपणार कुठे? दुपारी सगळं घर चटई बाजूला सारून उघड्या फरशीवर पडलेलं असतं.

वर्धेची_सून
आणि कुलरचं पाणी सांडलं की लॅमिनेटच्या कडा फुगतात. वाळवीला तर मेजवानीच.

मूळचा_वणीचा
बरं बरं, मागे घेतो. 😄

वर्धेची_सून
भाऊ, बायकोला पांढरी पाहिजे म्हणता, तर वहिनींना एक विचारा: पुसणार कोण? आमच्याकडे पांढरी चकचकीत टाइल आहे, लग्न होऊन आले तेव्हाच टाकलेली होती. पाहुणे म्हणतात आरशासारखी आहे. खरंच आरसा आहे, सगळं दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये वावरातून आलेले पाय, चपलेला चिकटलेली काळी माती, आणि फडक्याने पुसलं की ती आधी पसरते, मग निघते. उन्हाळ्यात धूळ. कुलरचे थेंब वाळले की पांढरे चट्टे, आमचं बोअरचं पाणी जड आहे. दिवसातून दोनदा पुसते तरी खिडकीतून ऊन आलं की पावलं दिसतातच. सासूबाई एकदा ओल्या पायाने घसरल्या, तेव्हापासून आम्ही त्या चकचकीतवर गोणपाटं अंथरून चालतो. पैसे देऊन घेतलेली चमक गोणपाटाखाली!

म्हणून माझं मत, टाइलच घ्यायची तर पांढरी नको आणि चकचकीत नको. मातकट, राखाडी, ठिपकेदार, पृष्ठभाग मॅट. मळ लपवायचा नाहीये, पण घरातल्या बाईला दुसरीही कामं असतात.

कोट्याचंही ऐकून घ्या, माझ्या माहेरी आहे. धूळ खपून जाते, गार असतो, पोती ओढा काही होत नाही. पण त्याला आंबट चालत नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आंबील सांडली आणि पंगत उठेपर्यंत तशीच राहिली, तिथला पॉलिश कायमचा गेला. लिंबू, चिंच, ताक सगळ्यांचं तेच. आणि संडास धुवायचं ॲसिड कोट्यावर कधीच टाकू नका, पांढरा फटक होतो.

सिव्हिल_अमरावती
ताईंनी सांगितलं त्याचं कारण असं की कोटा हा चुनखडक आहे. आम्ल लागलं की चुना विरघळतो. जुन्या वाड्यांत दिसते ती शहाबाद फरशीही चुनखडकच, ती कर्नाटकात कलबुर्गीकडून येते, कोटा राजस्थानातून. कडप्पाही चुनखडकच. ग्रॅनाइटला लिंबाने काही होत नाही, म्हणून ओट्याला ग्रॅनाइट.

धानाचं_कोठार
आम्ही भंडाऱ्याकडचे. आमच्या बांदीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, मातीची गोष्ट वेगळी, घर मुरमाड जागेवर आहे त्यामुळे फरशी फुटायचा त्रास नाही. टाइल चांगली टिकली, फक्त मोटारसायकलच्या स्टँडखाली दोन ठिकाणी टवके उडाले. वर नक्षी छापलेली होती, टवका उडाला की खालून वेगळाच रंग निघतो.

शोरूमवाला_पोऱ्या
मी टाइलच्या दुकानात कामाला आहे, दुकानाचं नाव घेत नाही. भंडाऱ्याच्या दादांनी सांगितलं ती छापील ग्लेझची टाइल, जीव्हीटी म्हणतो आम्ही. नक्षी आणि काच वरच्या पातळ थरात असते. गाडी आत लावायची असेल तर डबल चार्ज मागा, त्यात रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, घासलं गेलं तरी रंग तोच राहतो. पण डबल चार्ज बहुतेक पॉलिशमध्येच येते, मॅटमध्ये रंग कमी मिळतात. दुकानदार जे शिल्लक आहे ते पुढे करतो, त्याला भुलू नका.

सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड (जास्त भाजलेली, घट्ट) टाइलमध्ये फसवाफसवी चालते. टाइल उलटी करून मागे थोडं पाणी टाका. सिरॅमिक पाणी पिते, व्हिट्रिफाइडवर ते तसंच राहतं. मानकाप्रमाणे व्हिट्रिफाइडने अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी ओढायचं नसतं. आणि म्हणूनच ती साध्या सिमेंटच्या पाण्यावर नीट धरत नाही, तिला ॲडेसिव्ह लागतं. गावाकडे मिस्त्री ऐकत नाहीत.

थापी_ओळंबा
आयकतो बाप्पा, पन घरवाला ॲडेसिव्हचे पैसे देत नाई. मंग आमच्यावर बिल फाटते.

शोरूमवाला_पोऱ्या
काका तेही खरं. 😅 बरं, २ बाय २ च्या बॉक्समध्ये चार टाइल येतात, साडेपंधरा चौरस फूट. २१६ ला तुटफूट दहा टक्के धरा, भिंतीच्या बुडाच्या चार इंची पट्ट्या त्यातूनच कापायच्या, म्हणजे १७ बॉक्स. एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर ठेवा. पुढे एक टाइल फुटली तर तोच रंग पुन्हा मिळत नाही. सगळ्या बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे का ते गाडीतून उतरवतानाच पाहा.

पांढरं_सोनं
आणि बैलांचं?

वऱ्हाडी_ठेचा
बैलाले टाइल दाखवू नको भाऊ. आमच्या शेजारी पोळ्याच्या दिवशी जोडी घरात नेली, नवी कोरी टाइल. धोंड्या चार पावलं गेला अन् मागचे पाय फाकले. पाच माणसं लागली उठवाले. पूजा राहिली बाजूले, बाप्या माणूस रडाले लागला का बैलाची कंबर गेली म्हून. वाचला, पन त्या सालापासून त्याईची जोडी आंगनातच ओवाळतात.

मूळचा_वणीचा
बैल आत कशाला न्यायचे पण? अंगणात पूजा केली तर काय बिघडतं?

वऱ्हाडी_ठेचा
तू पुण्यालेच राय.

खारपाणपट्टा
😂😂

पोळ्यापुरते बारदाने ओले करून अंथरले की खूर धरतात. पण मुळात दारापासून देव्हाऱ्यापर्यंतचा पट्टा खडबडीत ठेवणं जास्त चांगलं. तीच वाट गाडीची आणि तीच पोत्यांची.

दुसरं एक सांगतो. पांढरं_सोनं भाऊंच्या भागात हा त्रास नसेल, पण धागा दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हाऱ्याकडचं कोणी वाचत असेल तर लक्ष द्या. आपल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जमिनीत आणि पाण्यात दोन्हीकडे मीठ. बोअरच्या पाण्यात सिमेंट-रेतीचा माल कालवला की वर्षभरात भिंतीला, फरशीला लोणा लागतो. पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, झाडलं की पुन्हा येतं, आणि शहाबाद-कोट्याचे पापुद्रे सुटतात, कारण मीठ दगडाच्या आत जाऊन फुगतं. बांधकामाला नळयोजनेचं नाहीतर टँकरचं गोडं पाणी वापरा. सिव्हिलवाले दादा, पाण्याची काही मर्यादा आहे ना?

सिव्हिल_अमरावती
आहे. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २००० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, सळई असेल तर ५००. पाण्याची तपासणी करून घेता येते. आणि तुमच्या भागात काँक्रीटखाली जाड काळा प्लास्टिक कागद अंथरलाच पाहिजे, नाहीतर मीठ खालून ओल्याबरोबर वर चढत राहतं. राळेगावकडेही अंथरला तर तोटा नाही, खर्च किरकोळ आहे.

पांढरं_सोनं
सगळं वाचून घरी सांगितलं. ताईंचं गोणपाटाचं वाचून बायको हसली आणि म्हणाली पांढरी नको. पण कोटा म्हटलं की तिला तहसील कचेरी आठवते. हिरवट, उदास. बाबा मात्र खूश.

वर्धेची_सून
कचेरीतला कोटा बिनपॉलिशचा आणि कधीच न धुतलेला असतो हो. 😀 वहिनींना चांगला पॉलिश केलेला, एका रंगाचा निवडून लावलेला कोटा दाखवा एखाद्या घरी.

थापी_ओळंबा
तेच म्हन्तो. डेपोवर जाऊन सोता निवड. हिरवट वेगया, तपकिरी वेगया. दोन्ही मिसळले का मंग कचेरीच दिसते. जाडी पन पाय, एक फरशी पाऊन इंच अन् दुसरी सव्वा इंच असली का मालाचा खर्च वाढते. कडा मशीननं कापलेल्या घे, सांधा बारीक येते. फरशी बसवली का लाकडी हातोड्यानं ठोकून आयकाचं. बद्द वाजली का खाली पोकय हाय. उचल अन् पुन्ना माल भर. तसाच सोडला तं पोत्याच्या वजनानं तथीच चिरन.

शोरूमवाला_पोऱ्या
मी टाइल विकतो तरी सांगतो, गाडी, पोती आणि बैल असतील तर कोटाच घ्या. वहिनींची टाइल स्वयंपाकघरात टाका. तिथे लिंबू-चिंच-ताक रोजचं, कोटा तिथे नकोच. तिथे हलक्या रंगाची मॅट व्हिट्रिफाइड चांगली दिसेल आणि तिथे गाडीही येत नाही.

पांढरं_सोनं
हे घरात सगळ्यांना पटलं. मग पुढच्या आठवड्यात कोबा फोडायला घेऊ? लग्न मेमध्ये आहे, तोपर्यंत कोटा बसून पॉलिश होईल ना?

सिव्हिल_अमरावती
होईल, पण मी करू देणार नाही. आत्ता खोदाई, मुरूम, सोलिंग आणि काँक्रीट एवढंच करा. बाहेरची पट्टी, पागोळ्यांची नाली आणि कुलरची नळीही आत्ताच. मग एक पावसाळा जाऊ द्या. भराई जिथे बसायची तिथे बसेल, काँक्रीटला बारीक भेग आली तर ती दिसेल आणि दुरुस्त करता येईल. वर कोटा असला तर तीच भेग कोट्यातून निघेल.

पांढरं_सोनं
दादा, घरात लग्न आहे आणि बैठकीत नुसतं सिमेंट? बायको मला बाहेर काढेल.

वऱ्हाडी_ठेचा
मांडव आंगनात असते. वऱ्हाडी जेवाले येतात, फरशी पाहाले नाई. सतरंज्या टाक, वरून गाद्या टाक. पोरीवाल्याईले मालूमही पडनार नाई.

वर्धेची_सून
पोरीकडच्या बाया सतरंजीचा कोपरा उचलून पाहतात, एवढं लक्षात ठेवा. पण सिव्हिल दादांचं खरं आहे. वहिनींना सांगा, आत्ता भिंतींना रंग नका देऊ, फक्त चुना मारा. कोट्याच्या पॉलिशचा चिखल भिंतीवर दोन-दोन फूट उडतो, नवा रंग वाया जाईल.

थापी_ओळंबा
अन् काँक्रीट वरून घोटून गुळगुळीत करू नको, लग्न हाय म्हून. खडबडीतच ठेव, नाई तं पुढचा माल धरत नाई. सतरंजीखाली ताडपत्री टाक म्हंजे धूळ येनार नाई. दाराच्या उंबऱ्याची उंची आताच पाय. कोटा अन् त्याचा माल मिळून दोन-अडीच इंच वर येईन, तेवढा दरवाजा आताच उचलून घे. नाई तं मंग खालून रंधा माराचं काम निघते.

पांढरं_सोनं
ठरलं. आत्ता काँक्रीटपर्यंत, दिवाळीनंतर कोटा. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत चार फुटांचा पट्टा बिनपॉलिशचा ठेवतो, बाकी पॉलिश.

खारपाणपट्टा
दिवाळीनंतर? आणि कापूस कुठे ठेवाल तेव्हा?

पांढरं_सोनं
हे तर डोक्यातच नाही आलं.

थापी_ओळंबा
सीतादहीच्या, म्हंजे कापसाच्या पयल्या वेचनीच्या पूजेच्या, आंधी झालं पायजे. पोळा होऊ दे, पानी वसरू दे, नवरात्रात फरशी बसव. बसवल्यावर माल पक्का होऊ दे, लगेच मशीन लावू नको. पॉलिशवाल्याले आताच सांगून ठेव, त्या टायमाले त्याले सगयेच बलावतात. अन् त्याची मशीन सिंगल फेजवर चालते का थ्री फेजवर, ते इचार. आमच्या इकडे एकानं मशीन आनली अन् घरात थ्री फेज नाई, वापस गेली.

पांढरं_सोनं
घरात सिंगल फेजच आहे. उद्याच फोन करून विचारतो.